सीइंग, पीएसएफ आणि क्षीण गुरुत्वीय भिंग: धूसर प्रतिमेची किंमत कुठे मोजावी लागते?

तुमचा प्रश्न मी असा समजतो: ताऱ्यांवरून प्रतिमेचा धूसरपणा मोजता येतो आणि तो गणिताने दीर्घिकांच्या आकारांतून काढताही येतो. मग क्षीण गुरुत्वीय भिंगाच्या कामात, म्हणजे वाटेतल्या द्रव्यामुळे दूरच्या दीर्घिकांच्या आकारांत आलेला किंचित ताण मोजताना, सीइंगचा, म्हणजे वातावरणाने आणलेल्या धूसरपणाचा, एवढा बाऊ का? खराब रात्रींच्या प्रतिमा बाजूला का ठेवायच्या? आणि जमिनीवर आठ-आठ मीटरच्या दुर्बिणी असताना युक्लिड ही १.२ मीटरची दुर्बीण अवकाशात कशाला पाठवायची?

धूसरपणा काढता येतो, हे खरे आहे. पण तो नुसत्या वजाबाकीने जात नाही. शेवटी एक भागाकार करावा लागतो, आणि प्रतिमा जितकी धूसर तितका त्यातला भाजक लहान. लहान संख्येने भागले की सगळ्याच चुका फुगतात, मग ती चूक पीएसएफची (बिंदूसारख्या ताऱ्याच्या पसरलेल्या ठिपक्याची) असो, आकाशाच्या पार्श्वप्रकाशातल्या गोंगाटाची असो की डिटेक्टरची. पुढचे सगळे विवेचन या एका भागाकाराभोवती आहे.

आधी मोजायचे काय, ते पाहू. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेतल्या द्रव्यामुळे, मुख्यतः कृष्ण द्रव्यामुळे, किंचित वळतो आणि तिची प्रतिमा एका दिशेने ताणली जाते. या ताणाला शिअर म्हणतात. मोठ्या दीर्घिका-समूहांजवळ तो बराच ठळक असतो. टायसन, वाल्डेस आणि वेंक यांनी १९९० मध्ये आबेल १६८९ सारख्या समूहांभोवती तो दाखवला. आकाशाच्या कोणत्याही सर्वसाधारण दिशेला मात्र शिअर जेमतेम एक टक्का असतो, आणि तो सापडल्याचे चार स्वतंत्र गटांनी २००० साली जाहीर केले. अडचण अशी की दीर्घिका मुळातच लांबट असतात. लांबटपणा दोन घटकांनी मांडतात, आणि त्याचा पसारा दर घटकामागे ०.२५ ते ०.३ असतो. म्हणजे ०.०१ चा ताण शोधायचा, तोही त्याच्या पंचवीस-तीस पट मोठ्या नैसर्गिक फरकांतून. एका दीर्घिकेवरून काहीच कळत नाही. साधारण सातशे-आठशे दीर्घिकांची सरासरी घेतली, तर गोंगाट कुठे संकेताच्या बरोबरीला येतो.

डार्क एनर्जी सर्व्हे या जमिनीवरून केलेल्या आकाश-पाहणीच्या पहिल्या तीन वर्षांच्या आकार-सूचीत ४१४३ चौरस अंशांतल्या सुमारे १० कोटी दीर्घिका आहेत. एवढ्या दीर्घिकांची सरासरी घेतल्यावर यादृच्छिक गोंगाट आपोआप खाली जातो. जी चूक सगळ्या दीर्घिकांमध्ये एकाच दिशेने असते ती मात्र सरासरीने जात नाही. प्रतिमेच्या दर्जातून येणाऱ्या चुका नेमक्या याच जातीच्या असतात.

आता भागाकार. एखादा तारा खरे तर बिंदू असतो. प्रतिमेत त्याचा जो ठिपका पसरतो तो पीएसएफ. वातावरणातली खळबळ, दुर्बिणीतले विवर्तन, आरशांची मांडणी, मार्गण (दुर्बिणीने आकाशाचा माग ठेवणे) आणि पिक्सेल हे सगळे त्यात आलेच. आकार मोजण्याची सोपी रीत म्हणजे प्रकाश मध्यापासून सरासरी किती वर्ग-अंतरावर पसरला आहे ते पाहणे. या मोजमापात एक सोय आहे: दीर्घिकेचा आणि पीएसएफचा वर्ग-आकार सरळ बेरजेत जातो. त्यामुळे पीएसएफ गोल असेल, तर दिसणारा लांबटपणा म्हणजे खरा लांबटपणा गुणिले दीर्घिकेच्या वर्ग-आकाराचा एकूण वर्ग-आकारातला वाटा.

आकडे घालून पाहा. दीर्घिकेची खरी रुंदी, शिखराच्या निम्म्या उंचीवर मोजलेली, ०.५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) धरू. सीइंग, म्हणजे पीएसएफची तशीच मोजलेली रुंदी, ०.७ असेल तर हा वाटा ०.२५ भागिले ०.७४, म्हणजे ०.३४. सीइंग १.० झाले की तोच वाटा ०.२० होतो. अवकाशातल्या ०.१६ आर्कसेकंदांच्या पीएसएफखाली तो ०.९१ राहतो. खरा लांबटपणा परत मिळवायचा तर मोजलेल्या आकड्याला या वाट्याने भागायचे. अवकाशातून तुम्ही जवळपास एकने भागता, खराब रात्री एक पंचमांशाने. प्रत्यक्षात वजन घातलेली मोजमापे वापरतात किंवा प्रतिमेवर दीर्घिकेचे गणिती प्रारूप बसवतात, त्यामुळे नेमके आकडे बदलतात, पण चित्र हेच राहते.

याचा पहिला फटका गोंगाटाला बसतो. सीइंग ०.७ वरून १.० वर गेले की आपल्या दीर्घिकेच्या ठिपक्याचे क्षेत्रफळ सुमारे १.७ पट होते, तेवढ्या जास्त पिक्सेलमधला आकाशाचा गोंगाट आत येतो आणि तो सुमारे १.३ पट वाढतो. वर भाजक ०.३४ चा ०.२० झालेला आहे. दोन्ही मिळून लांबटपणातली मोजणीची चूक सुमारे २.२ पट होते. ती फक्त जास्त वेळ प्रकाश गोळा करून भरून काढायची म्हटली तर जवळपास पाचपट वेळ लागेल. तेजस्वी, मोठ्या दीर्घिकांना याचा फारसा त्रास नाही, कारण तिथे मोजणीच्या चुकीपेक्षा लांबटपणाचा मूळचा पसाराच जास्त असतो. पण सूचीत संख्येने जास्त असतात त्या अंधुक आणि लहान दीर्घिका, आणि त्याच हातच्या जातात. डार्क एनर्जी सर्व्हेचे सीइंग साधारण ०.९ आर्कसेकंद होते आणि त्याला दर चौरस आर्कमिनिटाला उपयोगी पडाव्यात अशा पाच-सहा दीर्घिका मिळाल्या. सुबारू दुर्बिणीवरच्या हायपर सुप्राइम-कॅमला सुमारे ०.६ च्या सीइंगमध्ये पंधराच्या आसपास मिळाल्या. अर्थात सुबारूचा आरसा ८.२ मीटरचा आहे, तेव्हा हा सगळा फरक सीइंगच्या खात्यात टाकू नका.

गोंगाटाचा आणखी एक उपद्रव असतो. आकार हे गुणोत्तर असल्यामुळे त्यातला गोंगाट सरासरीत शून्य होत नाही. अंधुक दीर्घिकांचे आकार पद्धतशीरपणे एका बाजूला सरकतात. वर मोजलेल्या आकारावरूनच कोणती दीर्घिका सूचीत घ्यायची ते ठरत असेल, तर निवडीतून वेगळा कल येतो. हे दोन्ही संकेत आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून, म्हणजे फिरून सीइंगवरच.

दुसरा फटका पीएसएफच्या आकारमानाच्या चुकीचा, आणि माझ्या मते तो सगळ्यांत गंभीर. पीएसएफची रुंदी तुम्ही फक्त एक टक्का चुकीची मोजलीत असे समजा. वर्ग-आकारात ती दोन टक्के होते. आपल्या दीर्घिकेसाठी ०.७ च्या सीइंगमध्ये पीएसएफचा वर्ग-आकार दीर्घिकेच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणून शिअरमध्ये सुमारे चार टक्क्यांची चूक येते. तीच एक टक्क्याची चूक ०.१६ च्या पीएसएफमध्ये केली तर शिअर ०.२ टक्क्यानेच चुकतो. एवढीच ढिलाई, पण तिची किंमत वीसपट वेगळी. युक्लिडसारख्या मोहिमांना ही गुणक चूक (म्हणजे सगळा शिअर ठरावीक पटीने कमी-जास्त येणे) ०.२ टक्क्याच्या आत ठेवायची आहे. जमिनीवरून तेच साधायचे तर पीएसएफची रुंदी हजारात एका भागापेक्षाही अचूक माहीत हवी.

गुणक चूक गंभीर म्हणण्याचे कारण असे की ती दिसत नाही. प्रत्येक वजनात एक टक्का जास्त दाखवणाऱ्या काट्यावर कितीही पोती चढवली तरी काट्याचा दोष त्या वजनांतून कळत नाही. तसेच सगळा शिअर तीन टक्के जास्त आला तर तुमच्या सूचीत काहीच विचित्र दिसत नाही, फक्त विश्वातले द्रव्य थोडे जास्त गुठळ्यांचे वाटते. या गुठळ्यांच्या मापाला एस८ म्हणतात, आणि शिअरमधली एक टक्का चूक त्यात जवळपास तेवढीच उतरते. किलो-डिग्री सर्व्हे या दुसऱ्या आकाश-पाहणीच्या २०२० च्या निकालात हे माप ०.७६ च्या आसपास होते आणि आद्य विश्वातले प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहावरून येणारे ०.८३, त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. त्याच सर्व्हेच्या २०२५ च्या अंतिम विश्लेषणात ते ०.८१५ आले. त्यात मोठा हात दीर्घिकांच्या अंतरांच्या सुधारलेल्या अंदाजाचा आहे, पण प्रतिमांवरच्या सुधारलेल्या प्रक्रियेचाही वाटा त्या गटाने नोंदवला आहे. सगळा फरक पीएसएफने समजावून सांगता येईल असे मी म्हणणार नाही. पण अशा वादात काही टक्क्यांना काय किंमत असते ते यावरून दिसते.

तिसरा फटका पीएसएफच्या लांबटपणाचा. पीएसएफ स्वतःच तीन टक्के एका दिशेने ओढलेला असेल आणि तुम्ही तो काढलाच नाहीत, तर ०.७ च्या सीइंगमध्ये आपल्या दीर्घिकेवर त्याचा दोन टक्के शिक्का बसतो. म्हणजे एक टक्क्याच्या खऱ्या शिअरच्याही दुप्पट. आणि तो शिक्का विखुरलेला नसतो. आरसा किंचित तिरका, फोकस थोडा हललेला, मार्गणात कंप, यांमुळे दृश्यक्षेत्राच्या एका भागातल्या सगळ्या दीर्घिका एकाच बाजूला झुकतात, आणि क्षीण भिंगाचा संकेतही नेमका असाच शेजारच्या दीर्घिकांच्या एकमेकींशी जुळण्यात असतो. एवढे असूनही ही बेरजेची चूक मला तुलनेने परवडते, कारण तिला पकडता येते. दीर्घिकांचे आकार आणि ताऱ्यांचे आकार यांचा संबंध तपासता येतो. भिंगामुळे तयार होणाऱ्या आकृतिबंधात भोवरा जवळपास नसतो, त्यामुळे विश्लेषणात बी-मोड नावाचा तो भोवऱ्यासारखा घटक दिसला तर घोळ उपकरणाचा किंवा प्रक्रियेचा समजायचा. उलट बी-मोड शून्य आला म्हणून सगळे ठीक, असा निष्कर्ष काढू नका. गुणक चूक या चाचणीतून अलगद निसटते.

मग पीएसएफ नीट मोजला की संपले का? तिथेच खरी मेहनत आहे. पीएसएफ मोजायचा ताऱ्यांवर आणि वापरायचा दीर्घिकांवर, म्हणजे दोन गृहीतके आली: ताऱ्यांच्या मधल्या जागेत तो कसा बदलतो ते आपल्याला कळते, आणि ताऱ्यावर व दीर्घिकेवर तो एकच असतो. दोन्ही पूर्ण खरी नाहीत.

पहिले गृहीतक वातावरण मोडते. आकाशगंगेच्या प्रतलापासून दूर, जिथे आपण दीर्घिका पाहतो, तिथे उपयोगी तारे दर चौरस आर्कमिनिटाला एखाद-दुसराच मिळतो. वातावरणाच्या खळबळीने होणारा पीएसएफचा लांबटपणा त्याहून लहान अंतरावरही बदलतो. प्रकाश जितका जास्त वेळ गोळा कराल तितका हा बदल वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात विझत जातो. जमिनीवरची रुबिन वेधशाळा आकाशाच्या एका जागेच्या एका भेटीत सुमारे ३० सेकंदच प्रकाश घेते, म्हणून तिच्या एकेका प्रतिमेत वातावरणाचे हे ठसे ठळक असतात. तिचा भरवसा आहे दहा वर्षांत त्याच जागेच्या शेकडो प्रतिमांवर, ज्यांत हे ठसे एकमेकांशी जुळत नाहीत. दुर्बिणीच्या आरशांचे दोष मात्र प्रत्येक प्रतिमेत साधारण त्याच जागी परत येतात. म्हणून मला वातावरणापेक्षा प्रकाशिकीची जास्त धास्ती वाटते. ताऱ्यांची निवड करतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात: लहान दीर्घिका तारे समजून यादीत घुसल्या की पीएसएफ खऱ्यापेक्षा मोठा निघतो.

दुसरे गृहीतक डिटेक्टर मोडतो. सीसीडीच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठत गेले की त्यांचे स्वतःचे विद्युतक्षेत्र पुढे येणाऱ्या इलेक्ट्रॉनना शेजारच्या पिक्सेलकडे ढकलते. त्यामुळे तेजस्वी तारा अंधुक ताऱ्यापेक्षा किंचित रुंद दिसतो. याला ब्रायटर-फॅटर परिणाम म्हणतात. फरक एखाद्या टक्क्याचा, पण पीएसएफ मोजायला सगळ्यांत सोयीचे तेच तेजस्वी तारे असतात आणि तो लावायचा असतो अंधुक दीर्घिकांना. वरची एक टक्क्याची आकडेमोड आठवा. म्हणून बरेच गट सर्वांत तेजस्वी तारे यादीतून काढतात आणि उरलेल्यांसाठी पिक्सेलच्या पातळीवर दुरुस्ती करतात. अवकाशात वेगळे दुखणे आहे. किरणोत्सर्गाने सिलिकॉनमध्ये खड्डे पडतात, प्रभार वाचून घेताना त्यांत काही इलेक्ट्रॉन अडकतात आणि मागाहून सुटतात. प्रत्येक वस्तूमागे वाचनाच्या दिशेने एक शेपटी येते. अंधुक वस्तूचा प्रमाणाने जास्त प्रभार अडकतो, म्हणून ताऱ्यावरून मोजलेली शेपटी दीर्घिकेला जशीच्या तशी लावता येत नाही. हबलच्या एसीएस कॅमेऱ्यावर हे प्रकर्षाने दिसले.

रंगाचा प्रश्नही याच खात्यातला. वातावरणातले सीइंग लांब तरंगलांबीला थोडे सुधारते. तरंगलांबी दुप्पट झाली की रुंदी सुमारे १३ टक्के कमी. विवर्तनाचे उलट आहे, तिथे रुंदी तरंगलांबीच्याच प्रमाणात वाढते. युक्लिडचा दृश्यप्रकाश कॅमेरा साधारण ५५० ते ९०० नॅनोमीटरचा एकच रुंद पट्टा वापरतो. त्यात निळसर तारा आणि तांबूस दीर्घिका यांचे पीएसएफ वेगळेच असणार. दीर्घिकेचा गाभा तांबडा आणि कडा निळसर असतील तर एकाच दीर्घिकेत दोन पीएसएफ झाले. म्हणून युक्लिडच्या आकारमोजणीला जमिनीवरच्या दुर्बिणींतून मिळणारी रंगांची माहितीही लागते.

काही जण म्हणतात की एवढ्या चुका असल्या तरी सिम्युलेशन करून कॅलिब्रेट करता येते. येते, आणि हे क्षेत्र त्यावरच उभे आहे. स्टेप, ग्रेट०८, ग्रेट१०, ग्रेट३ या मालिकांत बनावट प्रतिमांमध्ये माहीत असलेला शिअर घालून जगभरच्या पद्धती तपासल्या गेल्या. मेटाकॅलिब्रेशन ही कॅलिब्रेशनची सर्वांत देखणी कल्पना: खऱ्या प्रतिमेतूनच पीएसएफ काढायचा, एक टक्का कृत्रिम ताण द्यायचा, किंचित मोठा पीएसएफ परत लावायचा आणि मोजलेला आकार किती हलला ते पाहायचे. गोंगाटाचा आणि निवडीचा कल यात चांगला सांभाळला जातो. पण पहिल्या पायरीत काढलेला पीएसएफ तुम्हीच दिलेला असतो. तो चुकीचा असेल तर प्रतिसादही तेवढाच चुकीचा येतो आणि पद्धत तक्रार करत नाही.

एकमेकांवर चढलेल्या दीर्घिकांचे दुखणे कोणत्याही पीएसएफ-दुरुस्तीने बरे होत नाही. हायपर सुप्राइम-कॅमच्या खोल, म्हणजे फार अंधुक वस्तूही टिपणाऱ्या, प्रतिमांत निम्म्याहून जास्त वस्तूंचा प्रकाश शेजारच्या वस्तूत मिसळलेला आहे. धूसर प्रतिमेत दोन दीर्घिका एक लांबट दीर्घिका म्हणून नोंदल्या जातात. त्या वेगवेगळ्या अंतरांवर असतील तर त्यांच्यावरचा ताणही वेगळा असतो, आणि मिश्रणाला एकच अंतर देणे हीच चूक ठरते. खोली वाढवून हा प्रश्न उलट चिघळतो. त्यावर एकच औषध आहे, तीक्ष्ण प्रतिमा.

मग खराब रात्रींचे काय? सरसकट टाकून देऊ नका. किलो-डिग्री सर्व्हेने उत्तम सीइंगचा वेळ आर (तांबड्या प्रकाशाच्या) पट्ट्यासाठी राखून ठेवला आणि आकार तिथेच मोजले. हायपर सुप्राइम-कॅमने हेच आय (अवरक्ताजवळच्या) पट्ट्यासाठी केले. बाकीच्या पट्ट्यांत सीइंग थोडे वाईट असले तरी रंग मोजता येतात आणि त्यावरून अंतरांचा अंदाज लावता येतो, फक्त सगळ्या पट्ट्यांत दीर्घिकेचा तोच भाग मोजला जाईल याची काळजी घ्यावी लागते. आकारांसाठी ०.६ आणि १.१ च्या प्रतिमा एकत्र रचून एकच प्रतिमा बनवली, तर जिथे एखाद्या प्रतिमेची कड येते तिथे पीएसएफ उडी मारतो आणि ताऱ्यांवरून केलेले अंदाज तिथेच कोसळतात. प्रत्येक प्रतिमेला तिचा पीएसएफ देऊन सगळ्यांवर एकत्र प्रारूप बसवणे जास्त खर्चिक आहे, पण त्यात खराब प्रतिमेला आपोआप कमी वजन मिळते. नाइलाजाने रचलेल्या प्रतिमेवरच काम करायचे असेल, तर कडा जिथून जातात त्या दीर्घिका गाळा.

अवकाशातल्या १.२ मीटरच्या दुर्बिणीचे उत्तर आता सरळ आहे. युक्लिड प्रकाश कमी गोळा करते, पण तिचा भाजक एकच्या जवळ असतो आणि वातावरण मधे नसल्याने पीएसएफ एका प्रतिमेकडून दुसऱ्या प्रतिमेकडे फारसा हलत नाही. १४,००० चौरस अंशांवर दर चौरस आर्कमिनिटाला ३० दीर्घिका हे तिचे उद्दिष्ट. तिथेही सुख फुकट नाही. ०.१ आर्कसेकंदाचे पिक्सेल एवढ्या तीक्ष्ण पीएसएफला थोडे मोठेच पडतात, म्हणून किंचित सरकवून अनेक प्रतिमा घ्याव्या लागतात. प्रक्षेपणानंतर काही महिन्यांनी तिच्या प्रकाशिकीवर बर्फाचा अतिसूक्ष्म थर साचल्याचे लक्षात आले आणि मार्च २०२४ मध्ये एक आरसा तापवून तो घालवावा लागला. त्यानंतर येणारा प्रकाश १५ टक्क्यांनी वाढला.

शेवटी तुमच्या हातातल्या सूचीबद्दल. कोणताही सहसंबंध काढण्याआधी एक आलेख काढा: पीएसएफ बसवताना न वापरलेले तारे घ्या, त्यांच्या मोजलेल्या आणि प्रारूपाने सांगितलेल्या वर्ग-आकारांतला फरक ताऱ्याच्या तेजस्वितेपुढे मांडा. तेजस्वी बाजूला रेघ वर चढत असेल तर ब्रायटर-फॅटर शिल्लक आहे, अंधुक बाजूला चढत असेल तर ताऱ्यांत दीर्घिका शिरल्या आहेत. मग तोच फरक रंगापुढे आणि दृश्यक्षेत्रातल्या जागेपुढे मांडा. सरासरी सीइंगचा आकडा मी या तिन्हींनंतर बघतो.